मदत हवी आहे : गणेश मंडपाच्या सुरक्षेबद्दल

नमस्कार मंडळी,

आमचं मंडळ नागपुरात महाल भागात आहे. यंदा सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. पोलिसांची परवानगी, कॅमेरे, अग्निशामक सिलिंडर हे होईल. काळजी वेगळीच आहे.

मंडपाला येण्या-जाण्याची वाट एकच. मागच्या बाजूला बांबूला कापड घट्ट बांधलेलं, त्याला लागूनच जनरेटर. आरतीच्या वेळी चपलांच्या ढिगाशेजारी पिशव्या, हेल्मेट, डबे पडलेले असतात. कोणाचं काय, कळत नाही. पुण्यात 13 फेब्रुवारी 2010 ला जर्मन बेकरीत स्फोट झाला तो बेवारस बॅगेतच. आणि आपल्याच शहरात 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी मोर्चात चेंगराचेंगरीने 114 जीव गेले, तिथे बॉम्ब नव्हता. म्हणून मला घबराटीची भीती जास्त वाटते.

बेवारस पिशवी दिसली तर हात लावायचा नाही, लोकांना दूर करायचं, 112 ला फोन करायचा, एवढं पोरांना सांगितलंय. पण माइकवरून नेमकं काय बोलायचं, म्हणजे लोक पळत न सुटता बाहेर पडतील? मागचं कापड ऐनवेळी झटकन उघडेल असं कसं बांधायचं? स्वयंसेवकांची रंगीत तालीम कोणी घेतली आहे का? बायकांच्या पर्स तपासायला महिला स्वयंसेविका कशा तयार केल्या?

पोलीस, होमगार्ड किंवा फौजेतून निवृत्त झालेलं कोणी एक संध्याकाळ येऊन मंडप बघून देईल का? कृपया इथेच कळवा.