पितळखोऱ्याहून पाटणादेवी पायी, ऑगस्टात जमेल?

प्रश्न: कन्नडहून पितळखोऱ्याची लेणी बघून दरीतूनच खाली पाटणादेवीच्या देवळाकडे उतरायचंय. चौघं आहोत. पाणी किती, बूट कसे?

उत्तर: भाऊ, ऑगस्टात ओढ्यातून नकोच. वर पाऊस झाला की लेण्यांजवळचा धबधबा घटकेत फुगतो, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. काळ्या कातळावरचं शेवाळ म्हणजे साबण. महागडा बूटही घसरतो. नोव्हेंबरात या. माणशी ३ लिटर पाणी, खोल खाचांचे बूट.

उत्तर: हे गौताळा औट्रमघाट अभयारण्य, १९८६ पासूनचं. आधी वनखात्याला विचारा. अत्तर, धूर टाळा. कड्याला आग्या मोहोळं असतात. ताजं उकरलेलं वारूळ दिसलं तर अस्वल जवळच समजा. बोलत चला, म्हणजे त्याला चाहूल लागते. चारच्या आत खाली.

प्रश्नकर्ता: मग नोव्हेंबरच.