सीटीओची ऑफर आलीये, हातची नोकरी सोडू का?

खराडीकर_बॅकएंड
मंडळी, सल्ला हवाय. ९ वर्षं जावा-स्प्रिंगवर काम करतोय, आधी सर्व्हिस कंपनी, आता खराडीत एका प्रॉडक्ट कंपनीत लीड आहे. जुना टीममेट छोट्या हॉस्पिटलांसाठी बिलिंग आणि इन्शुरन्स क्लेमचं सॉफ्टवेअर बनवतोय, तो म्हणतो को-फाउंडर आणि सीटीओ (टेक्निकल बाजूचा प्रमुख) म्हणून ये. पगार आत्ताच्या निम्मा, वर ४% ईसॉप, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क. ११ हॉस्पिटलं पैसे देऊन वापरतायत म्हणे. कोड बघितला, इंटर्न पोरांनी लिहिलाय पण चालतोय. घराचा हप्ता ३८ हजार, बायकोची नोकरी आहे, मुलगी केजीत. टेक्निकल बाजूचं टेन्शन नाही, पण सीटीओ दिवसभर नक्की करतो काय हेच कळत नाही आणि आत्ता नाही तर कधीच नाही असंही वाटतंय. कोणी गेलंय का या वाटेने?

रात्रपाळी
मी गेलोय, चौघंच होतो तेव्हा. पहिलं वर्षभर सीटीओ वगैरे काही नसतं रे, बॅकएंड तूच, सर्व्हर तूच, रात्री अडीचला डेटाबेसची डिस्क फुल झाली की उठणारा पण तूच. हे जमतं, आपल्या लोकांना त्यात मजाच येते. खरी गंमत टीम १०-१२ जणांची झाली की सुरू. ९० दिवस नोटीसवाला पोरगा तुझी ऑफर घेतो, तू तीन महिने त्याच्या भरवशावर फीचर अडवून ठेवतोस आणि जॉइनिंगच्या आदल्या दिवशी तो तुझंच ऑफर लेटर दाखवून दुसरीकडे जास्त पगारावर जातो. मोठा कस्टमर सही करायच्या आधी सिक्युरिटीची एक्सेल पाठवतो, व्हीएपीटी (सिस्टीम हॅक होते का त्याची तपासणी) रिपोर्ट कुठाय, बॅकअप रिस्टोअर करून शेवटचं कधी बघितलंत, सोडून गेलेल्या माणसाचा ॲक्सेस किती तासांत काढता, असे दीड-दोनशे प्रश्न. ती शीट भरायची तू. एडब्ल्यूएसचं, म्हणजे भाड्याच्या क्लाउड सर्व्हरचं बिल का फुगलं ते फाउंडरला रुपयांत समजवायचं पण तू. तुमच्याकडे तर पेशंटचा डेटा, वर २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहेच, म्हणजे तुझ्या मागे हे लवकर लागणार. आठवडाभर कोडला हात लागला नाही तर चिडचिड होते का तुझी? होत असेल तर थांब जरा.

कागद_आधी
को-फाउंडर म्हणतोय आणि देतोय ईसॉप? को-फाउंडरला सहसा थेट शेअर देतात, वेस्टिंग लावून, म्हणजे हक्क हळूहळू पक्का होत जातो. ईसॉप हा कर्मचाऱ्याचा मामला, कायद्याने पहिलं वर्ष काहीच वेस्ट होत नाही, पुढे बहुतेक ठिकाणी ४ वर्षांत हप्त्याहप्त्याने. शिवाय एक्सरसाइज करतानाच, म्हणजे पैसे भरून शेअर घेतानाच टॅक्स लागतो, शेअर विकला नसला तरी. समज १,००० शेअर, तू भरणार १० रुपयांनी, त्या दिवशीची किंमत ५०० धरली, तर ४ लाख ९० हजार तुझ्या पगारात धरले जातात, ३०% च्या स्लॅबमध्ये सेस धरून दीड लाखाच्या वर टॅक्स, आणि हातात नुसता कागद. हा टॅक्स पुढे ढकलायची सोय २०२० च्या बजेटने दिली, पण नुसती सरकारच्या डीपीआयआयटी खात्याकडची स्टार्टअप नोंदणी पुरत नाही, ८०-आयएसीचं, म्हणजे स्टार्टअपच्या करसवलतीचं सर्टिफिकेट लागतं, आणि नोकरी सोडली की तो भरावाच लागतो. पुढच्या प्रत्येक फंडिंगला तुझे ४% कमी होत जाणार ते वेगळंच.

कट्ट्यावरचा
दोघांचं बरोबर आहे पण मला वेगळाच प्रश्न पडलाय, विकणार कोण? क्विक हीलचं बघा ना, संजय काटकरांनी अँटीव्हायरस लिहिला पण दुकानाचा आणि विक्रीचा भार कैलाश काटकरांनी उचलला, ९० च्या दशकातली गोष्ट ही. सिकोया या गुंतवणूक कंपनीचे ६० कोटी आले २०१० ला, आयपीओ २०१६ ला. २०१० च्या आधीची सगळी वर्षं कंपनी गिऱ्हाइकाच्या पैशावर चालली. दुसरं म्हणजे डेटा बॅकअपवाली ड्रुवा, २००८ ला पुण्यात सुरू झाली, जसप्रीत सिंग आणि मिलिंद बोराटे दोघंही व्हेरिटास या स्टोरेज सॉफ्टवेअरच्या कंपनीतले, म्हणजे स्टोरेज त्यांच्या हाडात मुरलेलं. तुला क्लेममधलं काय कळतं? एक-दोन शनिवार त्यांच्या एखाद्या हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला जाऊन बस. डॉक्टरने सकाळी डिस्चार्ज लिहिला, टीपीएची (इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्यांची) क्वेरी आली दुपारी, नातेवाईक बॅगा भरून काउंटरवर भांडतायत आणि संध्याकाळचे सात वाजलेत. तिथे तो माणूस तुमचं सॉफ्टवेअर वापरतो का व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, ते बघ. ११ हॉस्पिटलांचा आकडा खरा की खोटा ते पण तिथेच कळेल.

खराडीकर_बॅकएंड
काउंटरची आयडिया भारी, या शनिवारी हडपसरच्या हॉस्पिटलला जातोय. मित्राला ईसॉपचं विचारलं तर म्हणे पूल (ईसॉपसाठी बाजूला काढलेले शेअर) अजून बनवला नाही, फंडिंग आलं की करू. विक्री तो आणि त्याचा चुलतभाऊ बघतात.

कागद_आधी
पूल नाही, शेअरहोल्डरांचा ठराव नाही, मग ४% कशाचे राव? कॅप टेबल, म्हणजे कोणाकडे किती शेअर त्याचा तक्ता मागव आणि चुलतभावाच्या नावावर किती आहे ते आधी बघ. थेट शेअर देतो का विचार. आणि तोवर त्याच्या कोडला हात लावू नकोस, ऑफिसच्या लॅपटॉपवर तर अजिबात नको, तुझ्या आत्ताच्या ॲग्रीमेंटमधला आयपीचा क्लॉज (तू लिहिलेल्या कोडवर हक्क कोणाचा ते) काढून वाच आधी.