हॅकनी डायमंड्स : आठव्या गाण्यात मला नेमकं काय ऐकू येतंय?

रामबागकर (इंदूर), ५ नोव्हेंबर २०२३

रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचा नवा अल्बम ‘हॅकनी डायमंड्स’ येऊन दोन आठवडे झाले. रोज ऐकतोय, पण एक गोष्ट अजून उलगडत नाही, म्हणून इथे विचारतो. थोडं लांबेल.

२० ऑक्टोबरला अल्बम आला तेव्हा आमच्याकडे नवरात्र चालू होतं. समोरच्या मैदानावर गरबा, त्यामुळे घरात काही ऐकणं शक्यच नव्हतं. भोंगे बंद झाल्यावर गच्चीवर सतरंजी टाकली, हेडफोन लावले आणि बाराही गाणी एका बैठकीत ऐकली. पाऊण तासापेक्षा थोडं जास्त. स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम त्यांनी २००५ नंतर काढलाच नव्हता (२०१६ चा होता तो जुन्या ब्लूजचा), म्हणजे अठरा वर्षांनी. गायक मिक जॅगर ऐंशीचा झाला, गिटारवाला कीथ रिचर्ड्स येत्या डिसेंबरात होईल. आणि ड्रमर चार्ली वॉट्स नाही. २४ ऑगस्ट २०२१ ला तो गेला, त्यानंतरचा हा पहिला अल्बम.

माझं आणि चार्लीचं नातं तबल्यामुळे. आठव्या वर्षापासून रामबागेत गुरुजींकडे शिकायला जात होतो. पंधरा वर्षांचा असताना आतेभावाने मुंबईहून स्टोन्सच्या ‘टॅटू यू’ची कॅसेट आणली. बाकी पोरं गिटारवर फिदा, मी मात्र मागचा ठेका मांडीवर वाजवून बघायचो आणि तो कधी बसायचा नाही. एकदा धीर करून कॅसेट गुरुजींना ऐकवली. दोन गाणी ऐकून म्हणाले, “गाणं मला कळत नाही, पण वाजवणारा घाई करत नाही. जागा सोडतो.” बस, तेव्हापासून मी ते जागा सोडणंच ऐकत आलो.

७ एप्रिल २००३ ला ब्रेबोर्न स्टेडियमवर त्यांचा कार्यक्रम होता. अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबई सेंट्रलला उतरलो, आणि संध्याकाळपर्यंत चर्चगेटच्या फुटपाथवर बसून राहिलो. आमची जागा फार मागे होती. चार्ली दिसला तो मोठ्या पडद्यावरच. एवढ्या मोठ्या बँडचा ड्रमर आणि पुढ्यात केवढीशी ड्रम्स! पाठ ताठ, चेहऱ्यावर काही नाही. डाव्या हाताने स्नेअर (पुढ्यातला कडक आवाजाचा ड्रम) वाजायचा त्या क्षणी उजवा हात हाय-हॅटवरून (झांजांच्या जोडीवरून) उचललेला असायचा. दोन्ही एकदम कधीच नाहीत. गुरुजी कॅसेटवरून कानाने जे म्हणाले होते ते मी वीस वर्षांनी डोळ्यांनी पाहिलं.

आता नवा अल्बम. आवडला, मनापासून आवडला. मिकचा आवाज ऐकून मान खाली गेली, ऐंशीव्या वर्षी असा दम! कीथ गातो ते ‘टेल मी स्ट्रेट’ तर मी लागोपाठ चार वेळा ऐकलं. ‘ड्रीमी स्काइज’ रविवारी दुपारचं गाणं आहे. ‘बाइट माय हेड ऑफ’मध्ये बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीची बास गिटार अशी गुरगुरते की विश्वास बसत नाही. ‘डिपेंडिंग ऑन यू’ माझ्यासाठी जरा गोड झालं. ड्रम्स जवळजवळ सगळीकडे स्टीव्ह जॉर्डनचे. पक्का माणूस आहे, लय कुठे हलत नाही. तरी पहिली सहा गाणी होईपर्यंत मला धाप लागल्यासारखं झालं होतं. कुठे जागाच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळीकडे भरी (डाव्या हाताचा डग्गा घुमतो तो भाग), खाली (तो घुमायचा थांबतो तो भाग) कुठेच नाही.

बारापैकी दोन गाण्यांत चार्ली आहे, २०१९ मध्ये वाजवून ठेवलेला. सातवं ‘मेस इट अप’ आणि आठवं ‘लिव्ह बाय द सोर्ड’. आठवं सुरू झालं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण मग शंका आली. चार्ली आहे हे आधी वाचलं होतं, म्हणून तर आलं नसेल? मुलीला म्हटलं, तू गाणी उलटसुलट लाव, नाव सांगू नको, प्रत्येकाची सुरुवातीची दोन मिनिटं गेली की बंद कर. तेव्हा मी गाणी पाठ होण्याइतकी ऐकली नव्हती. आठवं मी अर्ध्या मिनिटात ओळखलं. सातवं मात्र साफ चुकलो, जॉर्डन म्हणून सांगितलं. चाळीस वर्षं ज्याचा हात ऐकला तो ओळखता येऊ नये, याचं फार वाईट वाटलं.

तर प्रश्न हा : दोन्हीकडे चार्लीच वाजवतोय, तर एका ठिकाणी मला तो भेटतो आणि दुसरीकडे का नाही? ड्रम्स वाजवणाऱ्यांनी सांगावं.

---

पाच_तारा (पुणे), ५ नोव्हेंबर

काका, ब्रेबोर्नचं वाचून हेवा वाटला. मी त्या वर्षी तिसरीत होतो.

मी ड्रम्स वाजवतो. हात उचलण्याचं तुम्ही बरोबर पाहिलंत. साध्या रॉक ठेक्यात चार मात्रा, दुसऱ्या आणि चौथीवर स्नेअर, आणि हाय-हॅट अखंड चालू. चार्ली नेमका त्या दुसऱ्या-चौथीवर हाय-हॅट सोडतो, त्यामुळे स्नेअर एकटा आणि मोकळा ऐकू येतो. मी महिनाभर घोटून पाहिलं. हात जमतो, पण वजन येत नाही.

मात्र त्याला खाली म्हणू नये असं मला वाटतं. माझी आजी तबला शिकवायची, म्हणून बोलायचं धाडस करतो. तीनतालात, म्हणजे सोळा मात्रांच्या तालात, खाली नवव्या मात्रेवर, आवर्तनात एकदाच, आणि तुम्ही कुठे आहात हे ती सांगते. चार्लीचं सोडणं दर दोन मात्रांनी येतं, ते जागा सांगण्यासाठी नाही. श्वास म्हणा हवं तर.

---

रामबागकर, ५ नोव्हेंबर

मान्य. खाली हा शब्द मी सैल वापरला. पण खालीत डग्ग्याची घुमार बंद होते आणि चौदाव्या मात्रेला ‘धिं’वर परत येते, तेव्हा अंगावर जो काटा येतो तो मला या माणसाच्या वाजवण्यात सापडतो, म्हणून तो शब्द तोंडी आला. श्वास हा शब्द चांगला आहे.

---

दुसरा_कप (इंदूर), ६ नोव्हेंबर

भिया, जॉर्डनवर थोडा अन्याय होतोय. २०२१ च्या दौऱ्याला आपल्या जागी तो बसावा हे चार्लीनेच सुचवलं होतं. आणि तो काही परका नाही. कीथच्या स्वतंत्र बँडमध्ये तो होता, त्यांचा पहिला अल्बम १९८८ चा. म्हणजे कीथचा हात तो पस्तीस वर्षं ओळखतो.

अकरावं गाणं, ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’, सात मिनिटांच्या वर आहे. लेडी गागा गाते, पियानोवर स्टीव्ही वंडर. गाणं संपलं असं वाटतं, सगळे थांबतात, आणि मग हळूच परत उठतं. ते उठताना ड्रम्स ऐका. तिथे जागा नाही असं कोण म्हणेल? मी बायपासवर गाडीत ऐकत होतो, राऊच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि पूर्ण ऐकूनच पुढे गेलो. आमची पिढी स्टोन्सकडे या गाण्यावरून येईल, चार्लीवरून नाही. आम्हाला येऊ द्या.

---

सयाजीबाग (बडोदा), ६ नोव्हेंबर

मी रेकॉर्डिंगच्या कामात आहे, म्हणून एक बाजू मांडते. तुमची धाप फक्त जॉर्डनमुळे नाही. निर्माता अँड्र्यू वॉट आजच्या पद्धतीने आवाज ठेवतो. मोठे आवाज दाबायचे, बारीक आवाज वर उचलायचे, म्हणजे मोबाइलवरही सगळं कानाशी येतं. त्यात होतं काय, स्नेअर वाजल्यावर मागे उरणारी शांतता भरून निघते. गिटारची गुणगुण, खोलीचा आवाज, सगळं वर येतं. वादकाने जागा सोडली तरी ती ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. ‘मेस इट अप’ला तर नाचायच्या गाण्याचा घाट दिलाय, तिथे चार्लीचा हात झाकला जाणारच. तुमचा कान चुकला नाही, काका.

पण मग आठव्या गाण्यात तो का झाकला गेला नाही? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

पाच_तारा, ६ नोव्हेंबर

मला वाटतं माझ्याकडे आहे, आणि ते कालच सुचायला हवं होतं. बास कोण वाजवतंय ते बघा. आठव्या गाण्यात बिल वायमन आहे! १९९३ मध्ये बँड सोडलेला माणूस या एका गाण्यापुरता परत आलाय. पियानोवर एल्टन जॉन आहे, त्यामुळे लक्ष तिकडे जातं. सातव्यात वायमन नाही.

बहुतेक बँडमध्ये सगळे ड्रमरला धरून चालतात. स्टोन्समध्ये ड्रमर कीथच्या गिटारला धरून चालतो, म्हणजे केसभर मागे, आणि वायमनचा बास त्या दोघांच्या मधली फट सांभाळतो. चार्ली १९६३ च्या जानेवारीत बँडमध्ये आला, तिथून तीस वर्षं ही जोडी होती. काका, तुम्ही ऐकताय तो एकटा चार्ली नाही. तबलजी असून तुम्ही फक्त उजवा हात ऐकलात, डग्गा ऐकलाच नाही.

---

रामबागकर, ७ नोव्हेंबर

काल रात्री हे वाचलं आणि झोपलोच नाही. परत गच्चीवर. निवडणुकीच्या प्रचाराच्या गाड्या थांबल्यावर आठवं गाणं लावलं आणि ठरवून फक्त बास ऐकला. खरंच आहे. वायमन कुठेही पुढे येत नाही, नक्षी करत नाही, पण स्नेअर पडल्यावर त्याचा स्वर लगेच विझत नाही, जरा रेंगाळतो. गुरुजी डग्ग्यावर मनगट सरकवून घुमार ओढायचे, अगदी तसं. चाळीस वर्षांत बिल वायमनकडे मी कधी लक्ष दिलं नाही. १९९३ मध्ये तो गेला तेव्हा माझ्या वहीत (हो, मी वही ठेवत असे) एक ओळ आहे फक्त.

मग ‘टॅटू यू’ लावला. तिथेही तेच. म्हणजे गुरुजी ज्या जागेबद्दल बोलले ती दोघांची होती.

दुसरा_कप, तुमचं म्हणणंही पटलं. अकरावं गाणं दिवे घालवून ऐकलं. जॉर्डन तिथे थांबतो, वाट बघतो. त्याला मी पहिल्या सहा गाण्यांवरून मापलं, ते चुकलं.

आणि ‘रोलिंग स्टोन ब्लूज’ या शेवटच्या गाण्याबद्दल इथे कोणीच लिहिलं नाही. ब्लूज गायक मडी वॉटर्सचं १९५० चं गाणं, ज्याच्यावरून या बँडने नाव घेतलं. १९६१ मध्ये डार्टफर्डच्या स्टेशनवर कीथला मिक भेटला तेव्हा मिकच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या तबकड्या होत्या. बासष्ट वर्षांनी ते दोघेच बसलेत, एक गिटार, एक माउथ ऑर्गन. ड्रम्स नाहीत. इतके दिवस मी ते गाणं अकराव्यानंतरचा उतार म्हणून ऐकत होतो. काल पहिल्यांदा लक्षात आलं की कीथ दोन तुकड्यांच्या मध्ये नेमकी तेवढीच जागा सोडतो, जिथे दुसरं कोणी वाजवायला असायचं.

माझी तबला-डग्ग्याची जोडी सात वर्षं कपाटावर पडून होती. आज सकाळी काढली. तबला ठीक आहे, डग्ग्याची वादी सैल झाली आहे आणि शाईला भेग गेली आहे. दुरुस्तीला टाकलाय, धनत्रयोदशीच्या आत देतो म्हणालाय. मिळाला की आठव्या गाण्याबरोबर बसून बघतो, फक्त डाव्या हाताने. कसं जमलं ते लिहीन.