ऑलिंपिओडोरसची 'प्राक्सिस': पाठ की आह्निक?

प्रश्न
ऑलिंपिओडोरस या ग्रीक तत्त्वज्ञाने सहाव्या शतकात अलेक्झांड्रियात प्लेटोच्या 'गॉर्गिअस' या संवादावर दिलेली व्याख्याने मराठीत आणते आहे. ग्रंथात ५० 'प्राक्सिस' आहेत. कोशातले 'कृती', 'आचरण' हे अर्थ इथे बसत नाहीत. प्राक्सिसमध्ये आधी 'थेओरिया' येते, मग 'लेक्सिस'. 'सिद्धांत' आणि 'शब्द' चालेल का?

प्रतिसाद
'सिद्धांत' कृपया नको, वाचक पहिल्याच पानावर चुकेल. थेओरियात गुरू त्या उताऱ्याचा एकंदर आशय उलगडतो. मग तोच उतारा पुन्हा हाती घेऊन एकेक वचनाचा अर्थ लावतो, ती लेक्सिस. मी 'आशयविवरण' आणि 'पदविवरण' लिहीन. अर्थासाठी उचललेल्या शब्दांना आपले टीकाकार 'प्रतीक' म्हणतात, तो शब्द आयता आहे.

प्राक्सिस म्हणजे एका बैठकीत शिकवून होणारा भाग. पतंजलीच्या महाभाष्यातले 'आह्निक', म्हणजे एका दिवसाचे अध्ययन, याच्या फार जवळचे. पण आज आह्निक म्हटले की स्नानसंध्याच आठवते. म्हणून ग्रंथात 'पाठ' ठेवा आणि आह्निकाचे साम्य प्रस्तावनेत सांगा.

प्रतिसाद
'तासिका' का नको?

प्रतिसाद
तासिका म्हटली की घंटा आणि वेळापत्रक येते. 'पाठ'च बरा.

प्रश्नकर्ती
पटले. आता शीर्षकातले 'आपो फोनेस'? शब्दशः 'आवाजावरून'.

प्रतिसाद
हे तर सगळ्यात महत्त्वाचे. या काळात त्याचा अर्थ गुरूच्या तोंडून ऐकून शिष्याने उतरवलेले. पुढच्या शतकांत तो झिजून नुसता 'अमक्याने रचलेले' एवढाच उरला, त्यामुळे ग्रंथाचा काळ पाहिल्याशिवाय भाषांतर करू नये. इथे 'ऑलिंपिओडोरसच्या मुखातून' लिहा. 'ऑलिंपिओडोरसकृत' लिहिलेत तर टिपणे घेणारा अनाम शिष्य पुसला जातो, आणि वाक्ये मध्येच तुटक का होतात हेही वाचकाला कळत नाही.

हा शिष्य नुसता लेखनिक असेलच असे नाही. त्याच शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने ॲरिस्टॉटलच्या 'आत्म्याविषयी' या ग्रंथावर जे लिहिले, त्याच्या शीर्षकातच त्याचा गुरू अमोनिऑस याच्या बैठकांतली टिपणे 'काही स्वतःच्या निरीक्षणांसह' असल्याचे म्हटले आहे. तिथे कोणते वाक्य गुरूचे आणि कोणते शिष्याचे हे दर वेळी ठरवता येत नाही. भाषांतरातही ते ठरवून टाकू नका.

आणि पुनरुक्ती गाळू नका. आशयविवरणातला मुद्दा पदविवरणात पुन्हा येणारच, वर्गात तो दोनदा सांगितला गेला होता.