मदत हवी आहे: कार्बन डायऑक्साइड वाढवूनही गहू पिवळा का पडतोय?

कृषीकन्या:
प्रोजेक्ट सोमवारी दाखवायचा आहे, लवकर सांगा. प्लास्टिकच्या तंबूत गहू आणि ज्वारीच्या कुंड्या ठेवून कार्बन डायऑक्साइड वाढवला. गहू आधी बाहेरच्यापेक्षा जोरात वाढला, आता पिवळा पडतोय. ज्वारीत काहीच फरक नाही. असं का?

काळीमाती:
माती कुठली? खत काय दिलं? वायू मोजता का? पिवळी पानं खालची की शेंड्याची?

गोदाकाठ:
वाण बदला. आमच्याकडे निफाडच्या संशोधन केंद्राचे त्र्यंबक आणि तपोवन चांगले येतात.

कृषीकन्या:
वाणाचा प्रश्नच नाहीये. माती शेतातली, काळी. मीटर दिवसा सहाशे पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत सहाशे भाग) आसपास दाखवतो. खत दिलेलं नाही, मला फक्त वायूचाच परिणाम बघायचा आहे. खालची पानं टोकाकडून पिवळी होत वाळतात.

रानमाळ:
झिंक सल्फेट टाका. चुनखडीच्या जमिनीत त्याशिवाय गत्यंतर नाही. फक्त डीएपी खतात मिसळू नका, जस्त अडकून बसतं.

काळीमाती:
रानमाळ, जस्ताची कमतरता अशी दिसत नाही, ती मधल्या पानांवर फिकट पट्ट्यांनी दिसते. हे नत्र आहे. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतं. हवेतून कार्बन भरपूर मिळाला, गहू झपाट्याने वाढला आणि कुंडीतलं नत्र लवकर संपलं.

सेंद्रियशेती:
पण लगेच युरिया सांगू नका. जीवामृत द्या, माती जिवंत होते. माझा गहू त्यावरच उभा आहे.

काळीमाती:
शेतात द्या की, पण जीवामृतात नत्र फार थोडं. कुंडीत ते पुरणार नाही.

सेंद्रियशेती:
मुरलेलं शेणखत आधी घातलं असतं तर ही वेळच आली नसती.

पर्णरंध्र:
ज्वारीत फरक नाही, हाच तुमचा निष्कर्ष आहे, लपवू नका! ज्वारी, बाजरी, मका ही सी-४ पिकं पानाच्या आतच कार्बन डायऑक्साइड गोळा करून वापरतात, बाहेर वाढला तरी फारसा फायदा नाही. फायदा दिसतो तो पाण्याच्या ताणात, कारण पर्णरंध्रं थोडी मिटतात आणि पाणी वाचतं. पाणी रोज घालता का? आणि बाहेरच्या कुंड्यांवरही तंबू आहे ना?

कृषीकन्या:
पाणी रोज. बाहेर तंबू नाही. आता तो कुठून आणू?

पर्णरंध्र:
मग गव्हाची वाढ वायूने की तंबूच्या उष्णतेने, हे सांगता येणार नाही. बांबू आणि तेच प्लास्टिक वापरून आजच उभा करा, आत वायूच्या बाटल्या तेवढ्या ठेवू नका.

स्वयंपाकघर:
वायूने पिकाचा कस उतरतो म्हणतात. पोळ्या तुटणार का?

काळीमाती:
प्रथिनं घटली की कणकेचा चिवटपणाही कमी होऊ शकतो. खुल्या शेतात हवा ५५० पीपीएमच्या आसपास नेऊन केलेल्या प्रयोगांचं विश्लेषण २०१४ मध्ये आलं. गव्हाच्या दाण्यात जस्त सुमारे ९, लोह ५ आणि प्रथिनं ६ टक्के कमी निघाली. ताई, हे प्रोजेक्टमध्ये घ्याच. आणि आत-बाहेर दोन्हीकडच्या निम्म्या कुंड्यांना युरिया द्या.

कृषीकन्या:
किती? कुंड्या दहा लिटरच्या बादल्या आहेत.

काळीमाती:
एका बादलीला एक ग्रॅम, पाण्यात विरघळवून मुळाशी. पानांवर नको. सोमवारपर्यंत रंग पूर्ण फिरणार नाही, म्हणून आजच सगळ्या कुंड्यांचे फोटो काढा आणि फुटवे मोजून ठेवा.