टेक्ससमध्ये विधीविना झालेला विवाह मोडतो कसा?

मिरजकर:
नमस्कार. पुतणीसाठी ह्यूस्टनला नोकरीस असलेल्या मुलाचे स्थळ आले आहे. घराणे विट्याचे, माहितीतले. बैठकीत मुलाने स्वतःहून सांगितले (त्याबद्दल मला त्याचे कौतुकच वाटले) की, तो तेथे काही वर्षे एका मुलीसोबत राहत होता आणि गेल्या दिवाळीपासून दोघे वेगळे झाले आहेत. विधी नाही, नोंदणी नाही, म्हणून परिचयपत्रात ‘अविवाहित’ असे लिहिले आहे. मात्र भाडेकरारावर दोघांची नोंद पती-पत्नी अशी होती आणि प्राप्तिकराचे विवरणपत्रही दोघांनी विवाहित म्हणून एकत्रच भरले होते, असे बोलता बोलता निघाले. टेक्ससमध्ये असे सहजीवन विवाहच ठरते, असे एक स्नेही म्हणतात. तसे असेल तर तो विवाह संपतो कसा? साखरपुडा तूर्त थांबवला आहे.

वकील, सातारा:
थांबवलात हे योग्यच केलेत. नुसते एकत्र राहिल्याने, मग ते कितीही वर्षे असो, टेक्ससमध्ये विवाह होत नाही. आपण पती-पत्नी आहोत असे दोघांनी परस्परांत ठरवणे, त्यानंतर टेक्ससमध्येच पती-पत्नी म्हणून एकत्र राहणे आणि इतरांसमोर तसेच वावरणे, या तिन्ही गोष्टी असल्या तर मात्र विधी किंवा परवाना नसतानाही तो पूर्ण विवाह मानला जातो. आपण सांगितलेली दोन्ही कागदपत्रे नेमकी याच बाबींचा पुरावा ठरू शकतात.

असा विवाह एकदा झाला की तो मोडण्याची वेगळी, सोपी वाट नाही. न्यायालयाचा घटस्फोटच लागतो आणि सहजीवनात मिळवलेल्या मालमत्तेची वाटणीही त्यातच होते. वेगळे झाल्यापासून 2 वर्षांत विवाह सिद्ध करण्यासाठी कोणी न्यायालयात गेले नाही, तर विवाहाचे ठरलेच नव्हते असे गृहीत धरतात. पण ते पुराव्याने खोडता येते, म्हणून केवळ दिवस मोजत बसणे मला धोक्याचे वाटते. शिवाय दोघांनी काउंटी (तेथील जिल्हा) कार्यालयात विवाहाचे घोषणापत्र नोंदवले असेल, तर या 2 वर्षांचा आधार मिळतच नाही. तेवढे मुलाला स्पष्ट विचारा.

तासगावकर:
एवढे कशाला? स्टँपपेपरवर दोघांची काडीमोड लिहून घ्यावी, नोटरी करावी. आमच्याकडे असेच मिटते.

वकील, सातारा:
मिटल्यासारखे दिसते, तासगावकर, आणि पुढे वारसाच्या दाव्यात तोच कागद उघडा पडतो. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 29(2) ने रूढीची काडीमोड राखली आहे हे खरे. परंतु ती रूढी त्या समाजात पूर्वापार चालत आली आहे हे सिद्ध करावे लागते. नोटरीचा शिक्का सही कोणाची एवढेच सांगतो, विवाह संपवत नाही. टेक्ससच्या विवाहाला तर आपली रूढी लागूच होणार नाही.

सांगलीची सून:
आपल्याकडेही लिव्ह-इनमधल्या जोडप्याला घटस्फोट घ्यावा लागतो का?

वकील, सातारा:
ताई, मुळात विवाहच नसेल तर मोडायचे काय? दीर्घ सहवासावरून न्यायालय विवाह झाल्याचे गृहीत धरू शकते. 1978 च्या बद्री प्रसाद प्रकरणात सुमारे 50 वर्षांच्या सहवासावरून सर्वोच्च न्यायालयाने तसे केले होते. तसे गृहीत धरले गेले की तोही विवाहच, आणि तो मोडायला घटस्फोटच हवा. विवाह नसला तरी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीला संरक्षण व निर्वाहखर्च मागता येतो.

मिरजकर:
आणि मुलाने काहीच न करता येथे लग्न लावले तर?

वकील, सातारा:
टेक्ससचा विवाह सिद्ध झाला, तर आपल्या पुतणीचा विवाह हिंदू विवाह कायद्याच्या कलम 5 व 11 नुसार मुळातच शून्य ठरेल आणि मुलावर द्विविवाहाचा गुन्हाही येऊ शकतो. त्याने प्रथम तेथील वकिलाचे लेखी मत घ्यावे. घटस्फोट लागलाच, तर अर्ज दाखल केल्यापासून साधारणपणे 60 दिवस थांबावे लागते आणि हुकूमनाम्यानंतर इतर कोणाशी लग्न करण्यास आणखी 30 दिवस जाऊ द्यावे लागतात. त्यामुळे तारीख हुकूमनाम्याची प्रत पाहूनच काढा, आणि परिचयपत्रातला ‘अविवाहित’ हा शब्द आजच बदलून घ्या.