विषय: आरओ चालू, तरी पाणी मचूळ (दर्यापूर तालुका)

मंडळी, नमस्कार.
गावच्या प्लांटचे आकडे आले. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅम) २४००. शुद्ध पाण्याचा आधी १२० होता, आता ३१०. ताशी ५०० लिटरचा प्लांट, ४०४० आकाराच्या (४ इंच जाड, ४० इंच लांब) तीन मेम्ब्रेन (क्षार अडवणाऱ्या गुंडाळ्या) तीन वेगळ्या हाउसिंगमध्ये (नळकांड्यांत), एकामागे एक. मेकॅनिक म्हणतो तिन्ही बदला. मंडळाने पैसे पाठवायचे का?

———

ताई, इतक्यात नको. मीठ कुठून शिरतंय ते आधी शोधू.

पहिलं म्हणजे मिक्सिंग व्हॉल्व्ह. चवीसाठी त्यातून थोडं बोअरचं पाणी शुद्ध पाण्यात सोडतात. तो किंचित उघडा राहिला तरी टीडीएस चढतो. पूर्ण बंद करून २० मिनिटं प्लांट चालवा, ते पाणी सोडून द्या, मग मोजा. मोजणी सकाळीच. वैशाखात काळ्या टाकीतलं पाणी तापतं आणि गरम पाण्यातलं मीठ मेम्ब्रेनमधून जास्त निसटतं.

मग तिन्ही हाउसिंगच्या शुद्ध पाण्याच्या नळ्या सोडवून वेगवेगळे नमुने घ्या. पुढच्या मेम्ब्रेनला अधिक खारं पाणी मिळतं, त्यामुळे पहिल्यापासून तिसरीपर्यंत आकडा थोडा चढणारच. एकच आकडा उडी मारत असेल तर दोष तिथेच.

तिन्ही सारखेच वाढले असतील तर शुद्ध पाण्याचा प्रवाह पाहा. टीडीएसही वाढला आणि पाणीही वाढलं, तर मेम्ब्रेन क्लोरीनने जळली: टाकीत ब्लीचिंग पावडर पडते आणि कार्बन फिल्टर संपलेला असतो. टीडीएस वाढला पण पाणी घटलं, तर क्षार बसलेत. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात हे नेहमीचं, आणि जास्त पाणी काढायच्या हव्यासाने रिजेक्टचा (उरलेलं खारं पाणी बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह आवळला की लवकर होतं. इतक्या खाऱ्या पाण्याला रिजेक्ट निदान शुद्ध पाण्याइतकं तरी वाहू द्यावं. क्षारांसाठी ५० लिटर आरओच्या पाण्यात १ किलो सायट्रिक ॲसिड, कमी दाबाने अर्धा-पाऊण तास फिरवायचं, तासभर मुरवायचं, मग भरपूर धुवायचं.

———

काका, मिक्सिंग व्हॉल्व्ह बंदच होता. नमुने: पहिली ११०, दुसरी ६४०, तिसरी १७०.

———

मग बहुधा दुसऱ्या हाउसिंगची ओ-रिंग (सांधा बंद ठेवणारं रबरी कडं) गेली, तिथून खारं पाणी शुद्ध पाण्यात शिरतंय. शुद्ध पाण्याच्या नळीवरचा ॲडॅप्टर काढा. रिंग चिरलेली किंवा चपटी झालेली दिसेल. त्याच मापाची नवी घाला, ग्लिसरीन लावून. खोबरेल किंवा ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं. मेम्ब्रेन परत बसवताना बाहेरच्या ब्राइन सीलचं (मेम्ब्रेनभोवतीच्या रबरी पट्टीचं) उघडं तोंड येणाऱ्या पाण्याकडे हवं. उलटं बसलं तर पाणी बाजूने निघून जातं.

यानंतरही ६४० राहिला तर तेवढी एकच मेम्ब्रेन बदला.

शिवाय फ्लोराइड आणि नायट्रेट टीडीएस मीटरवर वेगळे दिसत नाहीत. लहान लेकरं हेच पाणी पितात, म्हणून दुरुस्तीनंतरचा नमुना प्रयोगशाळेत द्याच. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या आणि नायट्रेट ४५ च्या आत हवं. पाणी उकळून यातलं काही जात नाही, उलट दाट होतं, एवढं गावात आवर्जून सांगा.